सगळे नॉब शून्यावर

लिफ्ट बंद होती म्हणून हे सगळं झालं. चालू असती तर तो सरळ तिसऱ्या मजल्यावर पोचला असता, दाराला कुलूप पाहून आल्या पावली परत गेला असता, आणि आपली गोष्ट सुरू व्हायच्या आतच संपली असती. पण लिफ्ट बंद होती. वर्कशॉपला कुलूप घालून दूध आणायला निघालेली ती दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आली, तर समोरून एक रजई जिना चढत होती. रजईला खाली दोन पाय होते आणि वर एक चष्मा.

"अहो, जरा भिंतीकडे सरकता का?" रजईमागून आवाज आला. "मला पुढचं काही दिसत नाहीये."

"एवढा चष्मा आहे की."

"चष्म्यातून रजईपलीकडचं दिसत नाही. मी चष्मेच विकतो, मला माहीत आहे."

तिला हसू आलं. मग रजईने विचारलं, वर ते म्हातारे दुरुस्तीवाले बसतात ना, जुनी इलेक्ट्रॉनिक वाद्यं नीट करणारे? म्हातारे म्हणजे तिचा मामा. हात थरथरायला लागल्यापासून दोन वर्षं मामा घरीच होता आणि अकरा वर्षांपूर्वी त्याच्या हाताखाली शिकायला आलेली ही भाचीच वर्कशॉप चालवत होती. पण हे लगेच सांगून टाकण्यात काय मजा? बसतात, ती म्हणाली, पण स्वभावाने फार खडूस आहेत, जपून बोला. मग दूध राहू दे म्हणत तिने रजईचं दुसरं टोक धरलं. वर पोचल्यावर तिने खिशातून किल्ली काढून कुलूप उघडलं, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"ते खडूस म्हातारे..."

"मीच. बसा."

थंडीचे दिवस होते आणि त्याला धाप लागली होती. काचांवर वाफ धरली होती. त्याने चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. चष्मेवाले असं करतात का, तिने विचारलं. दुकानात नाही करत, तो म्हणाला आणि हसला. त्याचं हसणं जरा वेगळंच होतं. आधी ओठांचा डावा कोपरा हसायचा, आणि मग, कुणाची हरकत नाही अशी खात्री पटल्यावर, उजवा. हे तिने पाहिलं. पाहायला नको होतं, कारण पुढचा सगळा घोळ त्यामुळेच झाला.

रजईतून निघाला एक सिंथेसायझर, दोघांच्याही जन्माच्या आधीचा. लाकडी कडा, साडेतीन सप्तकांच्या पट्ट्या आणि वरच्या काळ्या पत्र्यावर एकतीस नॉब. आजकालच्या कीबोर्डात शेकडो आवाज भरून ठेवलेले असतात, बटण दाबलं की हजर. या जुन्या यंत्राला तसली स्मरणशक्तीच नाही. आत विजेवर वाजणारे दोन स्वर असतात. नॉब फिरवून त्यांना जाड, बारीक, मऊ, खरखरीत करायचं. नॉब जिथे असतील तोच त्याचा आवाज. नॉब हलले की तो आवाज गेला.

यंत्र त्याच्या बाबांचं होतं. बाबा रेडिओवरच्या नाटकांना आवाज पुरवायचे – वारा, आगगाडी, करकरणारं दार. निवृत्त झाल्यावर त्यांनी मोडीत निघालेलं हे धूड घरी आणलं. रोज संध्याकाळी फिरून आले की जेवण होईपर्यंत ते त्यावर बसायचे. शेवटचे काही महिने एकाच आवाजाच्या मागे लागले होते. कसला आवाज, विचारलं तर म्हणायचे, झाला की सांगेन. आणि मग एका दुपारी झोपेतच गेले. त्याला आठ महिने झाले होते. आईने मध्ये एकदा यंत्र लावून पाहिलं, तर लाल दिवाच लागला नाही.

"नॉबना तेवढा हात लावू नका," तो म्हणाला. "बाबांनी ठेवले तसेच आहेत. आईला तो आवाज एकदा ऐकायचाय. बाकी काही नाही."

"अकरा वर्षं हेच करतेय मी," ती म्हणाली आणि मान डोलावली.

आता मामाचा एक नियम होता. टेबलावर यंत्र आलं की आधी सगळे नॉब शून्यावर. दुसऱ्याने काय कुठे ठेवलंय त्यावर विसंबायचं नाही. शून्यापासून निघालं म्हणजे बिघाड कुठे आहे ते सापडतं. दोन्ही हातांनी, डावीकडून उजवीकडे, वरून खाली. मग स्पिरिटच्या बोळ्याने पत्रा पुसून काढायचा. सगळं मिळून दोन मिनिटांचं काम. तिने ते इतक्या वेळा केलं होतं की त्यात डोक्याचा संबंधच उरला नव्हता.

तो गेल्यावर तिने दूध आणलं, चहा केला आणि कप घेऊन टेबलाशी उभी राहिली. चहा झाला की आधी फोटो काढायचा, असं तिने ठरवलंही होतं. मग तिच्या मनात आलं, माणूस आधी डावीकडून का हसत असेल? लहानपणी हसल्याबद्दल कुणी ओरडलं असेल का? एकदम दोन्हीकडून हसला तर कसा दिसेल... भानावर आली तेव्हा रिकामा कप बाजूला होता, पत्रा चकचकत होता आणि एकतीसच्या एकतीस नॉब शून्यावर होते.

तिने दिवा तिरपा करून पत्रा पाहिला. पुसलेल्या पत्र्यावर धुळीची एक खूणसुद्धा उरली नव्हती, की कुठला नॉब कुठे होता ते ताडता यावं.

बिघाड तसा किरकोळ निघाला. वीज साठवणारा एक छोटा कपॅसिटर फुगला होता. संध्याकाळच्या आत यंत्र चालू झालं. सगळ्यात खालच्या पट्टीच्या फटीत कुठलंसं घडी घातलेलं कार्ड अडकलं होतं, ते तिने काढून डबीत टाकलं. मग लाल दिव्याकडे बघत बसली. मनात एक वाईट विचारही येऊन गेला. नॉब वाटेतही हलतात. जिन्यात हलले असतील म्हटलं तर कोण नाही म्हणणार होतं? तिने मामाला फोन लावला. मामाने सगळं ऐकून घेतलं, कसं झालं ते विचारलं. ती "सवयीने" एवढंच म्हणाली. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं. त्याने फक्त एक विचारलं, त्याला कधी सांगतेस?

दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्याच्या दुकानात गेली. आतल्या अंधाऱ्या खोलीत तो एका आजोबांचे डोळे तपासत होता. त्यांच्या नाकावर चाचणीची जड, गोल फ्रेम होती. तो तीत काचा बदलत होता आणि दर वेळी त्याच शांत आवाजात विचारत होता, "पहिली बरी, की दुसरी?" आजोबा वैतागून म्हणत होते, दोन्ही सारख्याच. "बरं. मग ही, की ही?" त्याला कंटाळा म्हणून येत नव्हता. दाराशी उभी राहून ती ऐकत होती आणि तिला आणखीच वाईट वाटत होतं.

आजोबा गेल्यावर त्याने तिला पाहिलं. डावा कोपरा हसला. आलाच आहात तर बसा, तो म्हणाला, दिवसभर बारीक तारा जोडता, डोळे बघून घेऊ. नाही म्हणायच्या आत तिच्या नाकावर ती फ्रेम बसली. एका डोळ्यापुढे झाकण, दुसऱ्यापुढे काच, समोरच्या तक्त्यावरची अक्षरं पुसट. त्याचा चेहराही पुसट. तिला वाटलं, सांगायचं तर आत्ताच.

"पहिली बरी, की..."

"मी सगळे नॉब शून्यावर आणले."

काच त्याच्या हातातच राहिली.

"सगळे?"

"एकतीस. फोटो काढला नव्हता. पत्रासुद्धा पुसला. यंत्र चालू झालंय, पण तो आवाज... तो माझ्या हातून गेला."

त्याने काच खाली ठेवली. मग त्याने दोन्ही हातांनी तिच्या नाकावरची फ्रेम उचलली, हळूच, कानाला लागणार नाही अशी. एवढ्या रागातही त्याने फ्रेम हळू काढली, हे तिला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं.

"कसं झालं?"

"सवयीने."

"तुम्ही तर म्हणालात, अकरा वर्षं..."

"म्हणूनच."

खरं कारण तिच्या जिभेवर आलं होतं. पण त्या वेळी ते सांगणं म्हणजे निलाजरेपणाच झाला असता. तिने ते गिळलं. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"आईला काय सांगू मी?"

"तुम्ही नका सांगू," ती म्हणाली. "मी सांगते. चूक माझी आहे."

त्याची आई म्हणजे ठेंगणी, ठणठणीत आवाजाची बाई. स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. या पोरीने समोर बसून सगळं सांगितलं, एक शब्द न लपवता – म्हणजे एकच लपवून. आईचे हात चालूच होते. शून्यावर म्हणजे काय, तिने विचारलं. ते समजावून सांगितल्यावर चार शेंगा आणखी सोलून झाल्या.

"मी त्यावरची धूळ पुसायला गेले की ते ओरडायचे," आई म्हणाली. "आठ महिने मी फडकं लावलं नाही त्याला."

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते तिला त्या स्वयंपाकघरात कळलं. ती उठायला लागली, तेव्हा आईने मटारांचं भांडं तिच्या मांडीवर ठेवलं.

"बरं. आता कसं करायचं ते सांग. मला सांगता नाही येणार तो आवाज कसा होता. पण ऐकला तर कळेल."

मग कपाट उपसून चष्मेवाल्याने एक फोटो शोधला. बाबांचा शेवटचा वाढदिवस, जाण्याच्या आठवडाभर आधीचा, बाबा यंत्रावर बसलेले, उजवा हात नेमका नॉबांवर आडवा. चौदा नॉब दिसत होते. राहिले सतरा. त्यांतले सहा असे, की इकडे असले काय नि तिकडे असले काय, काही फरक पडत नव्हता. म्हणजे शोधायचे होते अकरा. आईने तो आवाज नेहमी भिंतीपलीकडून, स्वयंपाक करता करता ऐकला होता. म्हणून यंत्र परत त्यांच्या घरी, त्याच खोलीत, त्याच टेबलावर आलं. दर रविवारी संध्याकाळी सात वाजता तिने यायचं असं ठरलं.

शोधायची रीत त्याने काढली. ती एक नॉब फिरवून एक आवाज वाजवायची, मग थोडा सरकवून दुसरा. तो भिंतीकडे तोंड करून विचारायचा, "पहिला बरा, की दुसरा?" पलीकडून उत्तर यायचं, दुसरा. कधी, पहिला, पण जरा मऊ. कधी, हा तर आगबोटीचा भोंगा झाला, आमचे हे असलं काही वाजवत नव्हते. ती वहीत लिहून ठेवायची. एका रविवारी जेमतेम दोन-तीन नॉब जागेवर यायचे. आणि त्यानंतर त्या यंत्रावर तिने एकही नॉब शून्यावर नेला नाही. जाताना फक्त आवाज लहान-मोठा करायचा नॉब तेवढा बंद करायची.

पण त्याआधी अर्धा तास थांबावं लागायचं. जुन्या यंत्राचे स्वर थंड असताना जागेवर राहत नाहीत; आतले भाग तापेपर्यंत सरकत राहतात. तापल्याशिवाय ऐकायचं नाही, हा मामाचा दुसरा नियम. म्हणून ती आली की आवाजाचा नॉब बंद ठेवूनच यंत्र चालू करायची आणि दोघं खिडकीशी बसून अर्धा तास चहा प्यायची.

त्या अर्ध्या तासात काय बोलणं व्हायचं ते सांगायला बसलं तर दोन मिनिटांत संपेल. त्याच्याकडे एक बाई आली होती, तिला नंबर नव्हता पण चष्मा हवाच होता. तिच्याकडे एक वादक आला होता, त्याच्या यंत्रातून मुंग्यांचं वारूळ निघालं. तो चहा बशीत ओतायचा आणि वाफेने त्याच्या काचा धुरकट व्हायच्या. ती म्हणायची, आता मी दिसते का? तो म्हणायचा, आवाज येतोय, तेवढं पुरे. अशा गोष्टी. पण बुधवार-गुरुवारपासूनच तिला रविवार दिसायला लागायचा आणि वर्कशॉपमध्ये एकटीच असताना ती उगीच हसायची.

दर रविवारी तो एकदा तरी विचारायचा. एवढं जपून काम करणारी बाई तुम्ही, वहीत अर्ध्या रेघेचा फरक मांडून ठेवता, मग त्या दिवशी झालं काय होतं?

"सवय."

"खोटं."

"यंत्र तापलं," ती म्हणायची. "चला."

तिसऱ्या की चौथ्या रविवारी तो किटली घेऊन आला आणि सहज म्हणाला, "तुला साखर किती?" किटलीतून वाफ येत होती. "म्हणजे... तुम्हाला," तो म्हणाला.

"एक चमचा," ती म्हणाली. "आणि तुला?"

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज होत होता तो थांबला, आणि जरा वेळाने परत सुरू झाला.

असं सगळं छान चाललं होतं, फक्त तो आवाज सापडत नव्हता. अकराही नॉब कुठे ना कुठे बसले. आई म्हणायची, जवळ आलाय. दर वेळी जवळ यायचा आणि तिथेच अडायचा. दोन्ही स्वर तिने एकमेकांशी अगदी तंतोतंत जुळवले होते, केसाचाही फरक नव्हता. आई म्हणायची, हाच आहे आणि हा नाहीये. असं कसं? ते मला काय माहीत, तू दुरुस्तीवाली.

सहाव्या रविवारी आई स्वतः उठून खोलीत आली. हात पुसत दारातच उभी राहिली.

"मला आता आठवेनासं झालंय," ती म्हणाली. "दर रविवारी इतकं नवीन ऐकते ना. त्याने जुनं होतं तेही पुसत चाललंय."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते पाहून दुरुस्तीवालीच्या मनात आलं, आधी यंत्रातून पुसला, आता या बाईच्या कानातूनही मीच पुसते आहे. चष्मेवाल्याने आईला खुर्चीवर बसवलं. आज पुरे, तो म्हणाला, डोळे दमले की माणूस काहीही सांगतो, कानांचंही तसंच. पण त्याचा आवाज उतरला होता. तिने पटकन यंत्राचा मुख्य खटका बंद केला, बाकी कशालाही हात न लावता पर्स उचलली आणि निघाली. बसथांब्यावर उभी राहून ती चक्क रडली. आवाजासाठी रडली, त्याच्या आईसाठी रडली, आणि रविवार संपले म्हणूनही रडली.

पुढच्या रविवारी ती आली ती हार मानायला. थंडी एवढी पडली होती की संध्याकाळी सातलाच खिडक्यांवर दव होतं. तिने बरोबर ती डबी आणली होती. यंत्रातून काढलेलं जे काही असेल ते गिऱ्हाइकाला परत द्यायचं, अशी त्यांच्या धंद्यातली रीत. फुगलेला कपॅसिटर, दोन गंजके स्क्रू आणि ते घडी घातलेलं कार्ड.

"हे तुमचं," ती म्हणाली. आज ती परत तुम्हीवर आली होती. "आणि मला माफ करा. याहून जास्त मला जमत नाही. एकदा चालू करून दाखवते, की मी मोकळी."

त्याने कार्ड उलगडलं. त्याच्याच दुकानाचं होतं, दुकान उघडलं तेव्हा छापलेलं, चार घड्या घातलेलं.

"हे कुठे होतं?"

"सगळ्यात खालच्या पट्टीच्या फटीत. पडलं असेल चुकून."

"बाबांच्या हातून काही चुकून पडायचं नाही," तो म्हणाला. त्याने कार्डाच्या परत तशाच घड्या घातल्या, खालची पट्टी दाबली आणि शेजारच्या फटीत ते खुपसलं. पट्टी दाबलेलीच राहिली. आणि त्याच वेळी तिने खटका चालू केला.

गेल्या रविवारी निघताना तिने आवाजाचा नॉब बंद केला नव्हता. गार यंत्र लगेच वाजायला लागलं. एक जाड, खोल स्वर आणि त्याला चिकटून दुसरा, किंचित वेगळा. दोघांचं जमत नव्हतं. त्यामुळे सगळा आवाज हेलकावत होता, मोठमोठे हेलकावे, खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. ते ऐकून तिला कसंतरीच झालं. तापलेलं नाही, बेसूर आहे. तिचा हात सवयीने नॉबाकडे गेला.

स्वयंपाकघरात डाव खाली पडला.

"हात लावू नकोस."

आई दारात उभी होती. दुरुस्तीवालीचा हात नॉबापासून दोन बोटांवर थांबला, आणि या खेपेला तिथेच राहिला.

कुणीच हललं नाही. यंत्र हळूहळू तापत होतं आणि हेलकावे लांबत होते. घाईघाईने यायचे ते जरा दमाने यायला लागले.

"असंच," आई म्हणाली. "आधी भांडायचं हे, मग निवत जायचं. फिरून आले की ते टोपीसुद्धा काढायचे नाहीत, आधी हे लावायचे. आणि मी हाक मारायचे, झालं जेवण, या. ते म्हणायचे, दोन मिनिटं. रोज दोन मिनिटं. मी म्हणायचे, गार होईल, आणि येऊन बंद करायचे." तिने पदराने डोळे पुसले. "शेवटी काय होतं ते मी कधी ऐकलंच नाही."

आत्ता कुठे या दुरुस्तीवालीच्या डोक्यात प्रकाश पडला. नॉब कधीच जागेवर आले होते. बाबांनी अर्धा तास वाट बघितलीच नव्हती. त्यांचा आवाज म्हणजे ते तापणंच होतं, दोन स्वरांचं हळूहळू एक होत जाणं. आणि तो दर रविवारी इथेच होत होता, बंद नॉबामागे, ही दोघं खिडकीशी साखरेवरून हुज्जत घालत होती तेव्हा.

आई वळली. मी आतूनच ऐकते, ती म्हणाली, मला तिथूनच सवय आहे. जाताजाता तिने या पोरीच्या गालावर ओला हात ठेवला.

मग खोलीत दोघंच उरली आणि तो आवाज. हेलकावे आता एवढे लांब झाले होते की मध्ये श्वास घेता येत होता.

"आता सांग," तो म्हणाला. "त्या दिवशी काय झालं होतं?"

"यंत्र तापू दे."

"तापतंय. तू सांग."

तिने खिडकीकडे पाहिलं. मग म्हटलं, आता काय लपवायचं.

"तुझ्या हसण्याचा विचार करत होते. आधी डावीकडून का हसतोस, त्याचा. एकदम दोन्हीकडून हसलास तर कसा दिसशील, त्याचा... हात आपलं काम करत राहिले."

"पहिल्याच दिवशी?"

"तू जाऊन अर्धा ताससुद्धा झाला नव्हता."

त्याने चष्मा काढला. काचांवर वाफ नव्हती, तरी शर्टाच्या टोकाने पुसला. "गेले तीन रविवार," तो हळूच म्हणाला, "आई भिंतीपलीकडून 'नाही' म्हणाली की मला बरं वाटायचं. इतक्यात सापडू नये असं वाटायचं. लाज वाटायची स्वतःची, पण वाटायचं." त्याने चष्मा घातला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. "बरं, मग सांग. पहिलं – आवाज सापडला, आता तुझे रविवार मोकळे. की दुसरं..."

"दुसरं."

"अजून सांगितलं कुठे मी?"

"दुसरंच," ती म्हणाली.

तेव्हा तो हसला. कुणाची हरकत आहे का, हे न बघता, दोन्हीकडून, एकदम. आणि तो कसा दिसतो ते तिला दिसलं.

हेलकावे जवळजवळ थांबत आले होते. त्याने तिचा हात धरला. बोटांना अजून स्क्रूच्या गंजाचा वास होता. तेवढ्यात स्वयंपाकघरातून हाक आली, नेहमीच्या ठणठणीत आवाजात, नेहमीच्याच सवयीने.

"झालं जेवण. या."

"दोन मिनिटं, आई," तो म्हणाला.

आत जरा वेळ काहीच आवाज झाला नाही. मग, इतक्या वर्षांत ज्या बाईने ती दोन मिनिटं कधी दिली नव्हती, तिने ताटं परत फळीवर ठेवली, गॅस बारीक केला आणि भिंतीला कान लावून उभी राहिली.